वाचक विचारतात : टेकूवरचा नेम आणि हातावरचा नेम

प्रश्न : माझ्याकडे परवान्याचं .३२ चं रिव्हॉल्व्हर आहे, नळी ३ इंची. रेंजवर १५ मीटरवरून नळी वाळूच्या पिशवीवर टेकवून मारलं की ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा घोळका) ८ सेंटिमीटरचा बसतो, पण नेमापेक्षा चार बोटं वर. उभ्याने मारलं की २० सेंटिमीटरपर्यंत पसरतो, मात्र मध्य बरोबर येतो. साइट (नेम धरायची नळीवरची खूण) बदलून घ्यावी का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : साइटला अजिबात हात लावू नका. दोष साइटचा नाही, टेकवण्याच्या पद्धतीचा आहे.

रिव्हॉल्व्हरची नळी मुठीच्या बरीच वर असते. दारू पेटली की गोळी नळीतून बाहेर पडायच्या आधीच नळीचं तोंड वर उचलायला लागतं. ही उचल गृहीत धरूनच पुढची साइट उंच ठेवलेली असते. साइट नेमाला जुळलेल्या असतात तेव्हा नळी प्रत्यक्षात किंचित खाली रोखलेली असते. हा हिशोब हातात धरलेल्या रिव्हॉल्व्हरचा आहे. नळीखाली घट्ट भरलेली पिशवी आली की ती नळीला वर ढकलते आणि गोळी वर जाते.

म्हणून टेकू नळीला नको, हाताला द्या. मोठी पिशवी दोन्ही कोपराखालच्या हातांना, छोटी मनगटाखाली. मुठीचा तळ टेबलावर आपटता कामा नये आणि नळी पूर्ण मोकळी हवी. टेबल इतकं उंच असावं की मान खाली घालावी लागणार नाही. सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) आणि नळी यांच्यामध्ये मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी फट असते. तिच्यातून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. पिशवी तिथे असेल तर कापड फाटून वाळू यंत्रात जाते, आणि बोट असेल तर गंभीर इजा होते. आधाराच्या हाताचा अंगठासुद्धा सिलिंडरच्या मागेच राहिला पाहिजे.

चाचणीसाठी घोडा मागे ओढून सिंगल अ‍ॅक्शननेच मारा. बहुतेक रिव्हॉल्व्हरच्या ट्रिगरला तेव्हा दीड-दोन किलोचा दाब पुरतो. डबल अ‍ॅक्शनला, म्हणजे घोडा न ओढता नुसता ट्रिगर दाबून मारायला, चार-पाच किलो लागतात. पाच-पाच गोळ्यांचे तीन ग्रुप टेकूवर, तीन उभ्याने, आणि काडतुसं एकाच डब्यातली. मग पसारा नव्हे, मध्य ताडून बघा. साइटबद्दलचा निर्णय उभ्याने मारलेल्या ग्रुपच्या मध्यावरूनच घ्यायचा, तोही दोन-तीन वेगळ्या दिवशी तोच निकाल आल्यावर.

आता पसाऱ्याकडे वळू, कारण खरं काम तिथे आहे. टेकूवरचे ८ सेंटिमीटर ढोबळमानाने रिव्हॉल्व्हर आणि काडतुसाचे. उभ्याने येणाऱ्या २० मधला हाताचा वाटा २० उणे ८ असा निघत नाही. दोन्ही आकड्यांचे वर्ग करून वजा करायचे आणि वर्गमूळ घ्यायचं; ते येतं सुमारे १८. म्हणजे एकाच भोकातून गोळ्या घालणारं रिव्हॉल्व्हर मिळालं तरी तुमचा ग्रुप २० चा १८ होईल, एवढंच. महागड्या काडतुसांवर खर्च करू नका.

हात हलतो याची फार धास्ती नको. अख्खं रिव्हॉल्व्हर सरळ १ सेंटिमीटर सरकलं तर गोळीही १ सेंटिमीटरच सरकते. घात होतो तो कोन बदलल्याने. दोन्ही साइटमधलं अंतर १२ सेंटिमीटर धरलं, तर पुढची साइट १ मिलिमीटर सरकली की १५ मीटरवर गोळी साडेबारा सेंटिमीटर चुकते. हे बहुधा ट्रिगर हिसकल्यामुळे किंवा आवाजाच्या अपेक्षेने मनगट दाबल्यामुळे होतं. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या मग खाली-डावीकडे जातात. खात्री करायची तर सहापैकी तीन चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या खणांमध्ये) मारलेल्या रिकाम्या पुंगळ्या घाला, सिलिंडर न बघता फिरवून बंद करा आणि मारा. रिकाम्यावर घोडा पडताना नळीने खाली डुबकी मारली, तर रोग सापडला.

प्रश्न : टेकूवरून सहापैकी पाच गोळ्या एकत्र, एक नेहमी बाहेर. काडतूस खराब?
– एक वाचक, मालवण

उत्तर : आधी रिव्हॉल्व्हर रिकामं करून सिलिंडरच्या कडेवर मार्करने १ ते ६ आकडे घाला. एका कागदावर सहा छोटी लक्ष्यं काढा आणि प्रत्येक चेंबरच्या पाच गोळ्या त्याच्या-त्याच्या लक्ष्यावर मारा. तीस काडतुसं जातील, पण अंदाज संपतील. एकाच चेंबरचा ग्रुप बाजूला पडत असेल तर त्या चेंबरच्या तोंडाशी साचलेलं शिसं पितळी ब्रशने काढा. तरीही फरक पडला नसेल, तर ते चेंबर नळीच्या रेषेत येऊन थांबत नाही. परवानाधारक कारागिराकडे द्या. बाहेरची गोळी कधी या, कधी त्या चेंबरची असेल तर काडतूस किंवा हात. चेंबर कुठलंही असो, शेवटचीच गोळी बाहेर जात असेल, तर तुम्ही उठायची घाई करताय.

प्रश्न : टेकूच्या पिशवीत किनाऱ्यावरची वाळू चालेल का? वाऱ्याचा परिणाम किती?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : समुद्राची वाळू नको. तिच्यातलं मीठ ओल धरून ठेवतं आणि पोलादावर गंज चढवतं. नदीची वाळू धुऊन, कडक उन्हात वाळवून, आधी जाड प्लॅस्टिकमध्ये आणि वरून जीनच्या कापडात शिवा. तीन चतुर्थांशच भरा, म्हणजे हात पिशवीत बसतो. १५-२५ मीटरवर वारा गोळीला जवळजवळ हलवत नाही, मारणाऱ्याला हलवतो. म्हणून उभ्याचा सराव सकाळी, खारा वारा सुटायच्या आत करा. टेकूची चाचणी दुपारी केली तरी चालते, फक्त घामेजलेला तळवा प्रत्येक गोळीआधी पुसा आणि घरी आल्यावर लाकडी ग्रिप उतरवून खालच्या पोलादावरही तेलाचा हात फिरवा.