तलाव आटल्यावर काठावरची माणसं काय करतात? गाव सोडतात का?

बरेच जण सोडतात, पण लगेच नाही. माझी सगळी नोकरी पाटबंधाऱ्यांच्या कामात झाली, त्यामुळे मध्य आशियातल्या अरल समुद्राबद्दल (नावाला समुद्र, खरं तर तलाव) भरपूर वाचलंय. त्याचंच उदाहरण देतो.

१९६० नंतर अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं आणि अरल मागे सरकू लागला. सुरुवातीला लोक पाण्यामागे धावले, बंदरापासून चर खोदत गेले. मासळी संपल्यावर दक्षिण काठावरच्या मुयनाक या बंदरगावातल्या कारखान्यात बाल्टिकसारख्या हजारो किलोमीटर लांबच्या समुद्रातली गोठवलेली मासळी रेल्वेने आणून डबाबंद करत. हिशेब अजब, पण गावाच्या चुली त्यावर पेटत होत्या. कझाकस्तानच्या बाजूचे मच्छीमार बल्खाश तलावावर जाळी टाकायला जाऊ लागले.

उजनीचं पाणी ओसरलं की आपल्याकडे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी म्हणजे गाळपेर करतात. तिथे ते जमत नाही. उघड्या पडलेल्या तळात मीठ आहे आणि कापसाच्या शेतांतून वाहून आलेली कीटकनाशकं. वारा सुटला की ते सगळं गावावर येतं. म्हणून धूळ अडवायला तळावर साक्सौल नावाची चिवट झुडपं लावतात.

पाणी खारट झालं तेव्हा उत्तरेकडे, म्हणजे कझाकस्तानच्या बाजूला, तगला तो बाहेरून आणून सोडलेला चपटा फ्लाउंडर मासा. १९९०च्या दशकात डेन्मार्कच्या मच्छीमारांनी त्याची जाळी दिली, पकडायची रीत शिकवली. त्याच सुमारास स्थानिक प्रशासनाने उत्तर अरलचं, म्हणजे तलावाच्या उत्तरेकडच्या भागाचं, पाणी अडवायला वाळूचा बांध घातला. तो वारंवार फुटला आणि १९९९ला वादळात वाहून गेला. पण पाणी अडवलं तर साठतं, हे तेवढ्यात दिसलं होतं. मग जागतिक बँकेच्या कर्जातून २००५ला पक्का कोकअरल बांध झाला. पाणी चढलं, खारेपणा उतरला, गोड्या पाण्यातले मासे परतले आणि फ्लाउंडर मात्र कमी झाला.

लोकांच्या जिद्दीचेच गोडवे गाणारे लेख म्हणूनच मला अर्धवट वाटतात. जिद्द मुयनाकलाही होती. पण मुयनाक पडलं दक्षिणेला, उझबेकिस्तानात, आणि अमू दर्याचं पाणी शेतांतच इतकं खर्ची पडतं की अरलपर्यंत फारसं येतच नाही. नुसता बांध घालून अडवणार काय? तिथे आता मासे जगू शकत नाहीत इतकं पाणी खारट आहे. काही लोक त्यातल्या आर्टेमिया या बारीक जिवाची अंडी गोळा करून विकतात. मत्स्यबीज केंद्रांत पिल्लांचं खाद्य म्हणून त्यांना मागणी असते.