एनडीआरएफमध्ये थेट भरती नाही, मग जायचं कसं?

प्रिय विद्यार्थिनी,

तू बारावी विज्ञानला आहेस. पुराच्या बातम्यांत एनडीआरएफचे, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे, जवान पाहून तुला तिथेच जायचं आहे. एका खासगी संस्थेने ‘वर्षभराचा डिप्लोमा करा, थेट भरती होते’ असं सांगितलंय आणि फी बघून घरचे कचरताहेत, असं तू लिहितेस.

फी भरू नका. एनडीआरएफचे जवान बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ अशा केंद्रीय दलांतून प्रतिनियुक्तीवर, म्हणजे ठरावीक काळासाठी, येतात. म्हणजे आधी त्या दलांत शिरावं लागतं: शिपाई पदासाठी दहावीनंतर कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा, अधिकारी व्हायचं तर पदवीनंतर यूपीएससीची सहायक कमांडंटची परीक्षा. दोन्ही मुलींना खुल्या आहेत. डिप्लोम्याची अट कुठेच नाही.

आता जरा वेगळं बोलतो. टीव्हीवर बोट दिसते, पण बोट पाठवायची वेळ येऊ नये म्हणून राबणारी माणसं दिसत नाहीत. 1999 च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे 10,000 लोक गेले. 2013 मध्ये फायलिन चक्रीवादळ आलं तेव्हा तिथे जवळपास 10 लाख लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांचा आकडा शंभराच्या बराच आत राहिला. त्यामागे हवामान खात्याचा अंदाज होता, आधी बांधून ठेवलेली निवारा केंद्रं होती आणि गावागावात जाऊन लोकांना घराबाहेर काढणारी यंत्रणा होती.

आपल्याकडे 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने ही जबाबदारी तीन पातळ्यांवर वाटली आहे. राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याचे मुख्यमंत्री, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी. खरी धावपळ जिल्ह्यात. धरणाचा विसर्ग किती क्युसेकने वाढणार, ते पाणी खालच्या गावांत कधी पोचणार, कोणत्या शाळेत लोकांना ठेवायचं, पाणी ओसरल्यावर पंचनामे कोण करणार, हे सगळं नियंत्रण कक्ष, तहसीलदार आणि तलाठी यांच्यावर येतं. म्हणून मला विचारशील तर राज्यसेवेतून उपजिल्हाधिकारी किंवा तहसीलदार होणं हा या क्षेत्रात शिरायचा सर्वांत भक्कम मार्ग आहे. त्या पदावर कुणी फार हारतुरे घालत नाही, पण गाव वेळेत रिकामं करण्याचं काम तिथूनच हलतं.

तांत्रिक बाजू आवडत असेल तर आधी पाया पक्का कर: भूगर्भशास्त्र, भूगोल, सिव्हिल किंवा संख्याशास्त्रात पदवी. त्यासोबत जीआयएस (संगणकावर नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळायचं तंत्र) शीक, उपग्रहाच्या चित्रावरून पूररेषा आखता येणारी माणसं लागतात. आपत्ती व्यवस्थापनात पदव्युत्तर पदवी नंतर घे, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत तशी सोय आहे. नुसत्या याच विषयावर बेतलेल्या सरकारी जागा मात्र थोड्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच कंत्राटी. हे आईबाबांनाही वाचून दाखव.

अठरा पूर्ण झाली की जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती कक्षात ‘आपदा मित्र’ स्वयंसेवकांची पुढची तुकडी कधी आहे ते विचार. शोध-बचाव, प्रथमोपचार तिथे शिकवतात. हे काम तुला झेपतं का आणि आवडतं का, ते लाखभर फी न भरताच कळेल. परीक्षा होईपर्यंत मात्र फिजिक्स बघ.