दुरुस्तीला दिलेली वडिलांची होडी कारागिराने अडवून ठेवली आहे

प्रश्न (मूळ पत्राचा सारांश) : मी कोथरूडला राहतो. वडिलांनी सत्तरच्या दशकात एका क्लबच्या लिलावात सागवानी होडी घेतली होती, दोन माणसांनी वल्हवायची. ते गेल्यावर ती पानशेतजवळच्या आमच्या शेतावर गोठ्यात पडून होती. गेल्या वर्षी मुळशी रस्त्यावरच्या एका कारागिराकडे ती दुरुस्तीला दिली. सगळं व्हॉट्सॲपवर ठरलं : तळाच्या अकरा फळ्या बदलायच्या, फटी बुजवायच्या, रंग आणि वॉर्निश करायचं, एकूण 1,60,000 रुपये, मुदत सहा महिने. 1,00,000 आगाऊ दिले. मध्ये त्यांनी आतल्या फासळ्या कुजल्याचे फोटो पाठवले, तेव्हा मी ‘ठीक आहे, करा’ असं लिहिलं. आता बिल आलं आहे 2,95,000 चं. त्यात फासळ्यांचे 45,000, न विचारता तळाला केलेल्या फायबरचे 55,000 आणि जागाभाडं 35,000. बदलल्या फक्त सहा फळ्या. टाकीत होडी टाकून पाहिली तर पाणी आत येतं. काढलेल्या जुन्या फळ्या आणि पितळी कड्या परत द्यायला ते तयार नाहीत. ‘पंधरा दिवसांत 1,95,000 भरा, नाहीतर होडी विकतो’ असा मेसेज आला आहे. पोलिसांत जाऊ का?

उत्तर : पोलिसांत जाऊ नका, निदान आज तरी. आणि पंधरा दिवस संपायची वाटही बघू नका. तुमच्यापुढे दोन वेगळी कामं आहेत : होडी ताब्यात घेणं आणि बिलाचा वाद सोडवणं. तुम्ही दोन्ही एकत्र बांधून बसला आहात, म्हणून गाठ सुटत नाही. आधी होडी सोडवायची, पैशांचं भांडण नंतर. हा क्रम मी आग्रहाने सांगतो, कारण वाद दोन-तीन वर्षं चालला तरी तुमचं बिघडणार नाही. पत्र्याच्या शेडमध्ये मार्च ते मेचं ऊन खाणारी लाकडी होडी मात्र तेवढी थांबणार नाही.

कारागिराची बाजू आधी समजून घ्या, कारण ती अगदीच पोकळ नाही. तुम्ही वस्तू दिली, त्यांनी तिच्यावर कष्ट आणि कौशल्य खर्च केलं. अशा वेळी भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 170 त्यांना रास्त मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा अधिकार देतं. हाच धारणाधिकार, म्हणजे लिएन. कलमाखाली कायद्याने स्वतःच दोन उदाहरणं दिली आहेत. पैलू पाडायला हिरा घेतलेला जवाहिऱ्या पैसे मिळेपर्यंत हिरा ठेवू शकतो. पण कोट शिवून झाला की लगेच देईन आणि पैसे तीन महिन्यांनी घेईन, असं कबूल केलेल्या शिंप्याला कोट अडवता येत नाही. तुमच्यात अशी उधारी ठरली नव्हती, त्यामुळे तुम्ही पहिल्या उदाहरणात बसता. म्हणून ‘माझी होडी चोरली’ अशी फिर्याद ठाण्यात टिकणार नाही. ‘बाब दिवाणी स्वरूपाची आहे’ असं सांगून ते तुम्हाला परत पाठवतील आणि या टप्प्यावर ते बरोबरही असेल. दिवाणी वादाला फौजदारी रंग देऊ नका, हे सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आलं आहे.

पण या अधिकाराला हद्द आहे आणि तुमची सगळी ताकद त्या हद्दीत आहे. तो मिळतो ठरलेल्या कामाच्या रास्त मोबदल्यापुरता. मनात येईल त्या आकड्यासाठी तो नाही, आणि त्यात विकायचा हक्क तर मुळीच येत नाही. सोनं गहाण ठेवून घेणाऱ्याला कलम 176 खाली आगाऊ नोटीस देऊन गहाणवस्तू विकता येते. तुमची होडी गहाण नाही. दुरुस्तीसाठी घेतलेली वस्तू कारागिराने विकली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली, फौजदारी विश्वासघाताखाली, तक्रारीला खरा आधार मिळतो. तेव्हा पोलीस ठाणं गाठायचं ते त्या दिवशी. आज तो धमकीचा मेसेज जपून ठेवा. फक्त स्क्रीनशॉट पुरणार नाही. फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ते मूळ उपकरणावरून केलेलं बरं.

आता बिल एकेक करून पाहू.

मूळ 1,60,000 पैकी 60,000 बाकी आहेत. अकराऐवजी सहाच फळ्या बदलल्यामुळे हेसुद्धा पूर्ण देणं लागत नाही, असं तुम्ही म्हणाल आणि ते बरोबर आहे. तरीही ते कापून घेऊ नका. का, ते पुढे सांगतो.

फासळ्यांचे 45,000 द्यावे लागतील असं धरून चाला. कुजलेल्या लाकडाचे फोटो पाहून तुम्ही ‘करा’ म्हणालात. भाव ठरला नव्हता हे खरं, पण फुकट करा असंही कोणी म्हणालं नव्हतं. करार कायद्याचं कलम 70 सांगतं की एखाद्याने कायदेशीरपणे, फुकट करायचा हेतू नसताना तुमच्यासाठी काम केलं आणि त्याचा लाभ तुम्ही घेतला, तर भरपाई द्यावी लागते. रक्कम रास्त आहे का, यावर वाद घालता येईल. देणंच लागत नाही, हे मांडता येणार नाही. मला तुमचं पत्र वाचताना इथे थोडी काळजी वाटली, कारण या रकमेचा उल्लेख तुम्ही ‘लूट’ असा केला आहे. नोटिशीत तो शब्द येऊ देऊ नका. ज्याने फासळ्या खरोखर बदलल्या आहेत, त्याचे कष्ट मान्य केल्याने तुमची बाजू भक्कमच होते.

फायबरचे 55,000 मात्र नाकारा, ठामपणे. तुम्ही मागितलं ते लाकडाचं काम, फायबर मागितलंच नव्हतं. तुम्ही पाठवलेल्या जुन्या फोटोंत तळाची प्रत्येक फळी खालच्या फळीवर चढलेली दिसते आणि सांध्यावर तांब्याच्या खिळ्यांची ओळ, प्रत्येक खिळ्याच्या टोकाला वाटोळी चकती बसवून ठोकलेली. अशी होडी पाण्यात गेली की फुगते, सुकली की आकसते आणि प्रत्येक सांधा थोडा हलतो. हलण्यासाठीच ती तशी बांधलेली असते. वरून फायबरचा कडक थर दिला की तो सांध्यांवर तडकतो, तडकीतून पाणी आत शिरतं, लाकडात अडकतं आणि ते आतून कुजू लागतं. थर काढायला गेलं तर खालची फळी खरवडली जाते. म्हणजे या कामाने लाभ झाला नाही, नुकसान झालं. कलम 70 चा आधार इथे त्यांना मिळणार नाही.

जागाभाड्याबद्दलचा एक जुना निवाडा योगायोगाने जहाजदुरुस्तीचाच आहे. 1860 साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘सोम्स विरुद्ध ब्रिटिश एम्पायर शिपिंग कंपनी’ या खटल्यात निकाल दिला. दुरुस्ती करणाऱ्याने बिलासाठी जहाज गोदीत अडवलं आणि अडवलेल्या दिवसांचं गोदीभाडंही मागितलं. ते नाकारलं गेलं : स्वतःची बाकी वसूल व्हावी म्हणून तुम्ही माल धरून ठेवता, त्याचा खर्च मालकाच्या माथी मारता येत नाही. हा निवाडा आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण तत्त्व पटणारं आहे आणि नोटिशीत जरूर घाला. त्याआधी मागचे मेसेज नीट चाळा. ‘काम झालं, होडी घेऊन जा’ असं त्यांनी बिलाचा वाद निघण्यापूर्वी कळवलं होतं आणि तुम्हीच कामाच्या गडबडीत महिनोन्‌महिने गेला नाहीत, असं असेल तर तेवढ्या काळाचं भाडं मागायला त्यांना थोडी जागा मिळते. मला ते आधी कळलेलं बरं.

पाणी शिरतं, या तक्रारीवर उभे राहू नका. वर्षानुवर्षं कोरडी पडलेली लाकडी होडी पाण्यात टाकली की सुरुवातीला गळतेच. फळ्या पाणी पिऊन फुगल्या की फटी आपोआप आवळतात, त्याला काही दिवस लागू शकतात. तुम्ही तासाभराच्या चाचणीवर ‘काम सदोष’ असं लिहिलंत आणि समोरच्या वकिलाने एखाद्या जाणत्या नावाड्याला उभं केलं, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या तक्रारींवरही पाणी पडेल. न बदललेल्या पाच फळ्या आणि न सांगता दिलेलं फायबर, हे दोन मुद्दे तुम्हाला पुरेसे आहेत.

जुन्या फळ्या आणि पितळी कड्या तुमच्याच मालकीच्या आहेत. बदललेला भाग दुरुस्ती करणाऱ्याचा होतो, असा समज बाजारात पसरलेला आहे. तसं ठरलेलं नसेल तर कायद्यात त्याला आधार नाही. त्या होडीचाच भाग म्हणून सोपवल्या गेल्या होत्या आणि कलम 160 प्रमाणे काम संपल्यावर परत करायच्या असतात. जुन्या सागाला आज काय भाव आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि त्यांनाही. शिवाय कुठली फळी खरंच कुजली होती, याचा एकमेव पुरावा त्या फळ्याच आहेत.

आता 60,000 पूर्ण द्या असं का म्हणालो ते. करार कायद्याच्या कलम 38 प्रमाणे देणं देऊ करायचं तर ते बिनशर्त आणि पूर्ण असावं लागतं. तुम्ही 1,05,000, म्हणजे मूळ बाकी आणि फासळ्यांचे पैसे, डिमांड ड्राफ्टने देऊ केलेत आणि त्यांनी नाकारले, तर अडवून ठेवण्याचा त्यांचा आधारच निसटतो. तिथून पुढे होडीला काही झालं तर कलम 161 खाली जबाबदारी त्यांची. उलट तुम्ही फळ्यांचे, उशिराचे, मनस्तापाचे पैसे कापून 30,000 पुढे केलेत, तर ‘पूर्ण मोबदला मिळालाच नाही’ म्हणायला ते मोकळे. ड्राफ्टच्या पत्रात एक वाक्य हवं : ही रक्कम हक्क राखून देत आहोत, जास्त गेलेले पैसे परत मागण्याचा अधिकार सोडलेला नाही. होडी मिळण्याची अट मात्र त्या वाक्यात गुंफू नका. तिचा ताबा मागणारा परिच्छेद स्वतंत्र ठेवा.

नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, तीच व्हॉट्सॲपवरही टाका. सात दिवस द्या. उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मुळे तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते, तेव्हा कारागिराची शेड कुठल्या तालुक्यात आहे याची चिंता नको. मोबदला 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य. मुदत दोन वर्षांची आहे, पण तुम्हाला घाई वेगळ्याच कारणासाठी आहे. तक्रारीसोबतच याच ग्राहक कायद्याच्या कलम 38(8) खाली अंतरिम आदेशाचा अर्ज करा : होडी विकू नये, तिच्यावर आणखी काही काम करू नये, वादातले 90,000 गरज पडल्यास आयोगात भरून घेऊन ताबा द्यावा. पैसे आयोगात भरायची तयारी दाखवली की ताबा मिळण्याची शक्यता खूप वाढते. हे रोखीचं ओझं आहे हे मला कळतं. पण ते पैसे कारागिराच्या खिशात जात नाहीत.

पर्याय दिवाणी दाव्याचाही आहे. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, 1963 च्या कलम 8 खाली, पैशांनी भरून न येणारी विशिष्ट वस्तू परत मागता येते आणि वडिलांची होडी त्यात बसते. तरी तुमच्या रकमेसाठी मी आयोगच निवडेन. कोर्ट फी नाही, शिवाय ताबा आणि भरपाई दोन्ही एकाच ठिकाणी मागता येतात.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की भाचा ही होडी कृषी पर्यटन केंद्रात भाड्याने लावायचं म्हणतोय. हे सहज नाही. व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला ग्राहक कायद्याचं संरक्षण नाही. स्वयंरोजगाराने पोट भरण्यापुरता अपवाद आहे. होडी दुरुस्तीला देताना हेतू घरच्या वापराचा होता आणि भाच्याची कल्पना नंतरची, हे खरं असेल तर तसंच लिहा. तसं नसेल तर आयोगाचा रस्ता सोडून दिवाणी न्यायालयात जाऊ. पाण्यात उतरवायच्या परवानग्या पुढे पाहता येतील. धरणाच्या जलाशयासाठी जलसंपदा विभागाला विचारावं लागेल आणि मोटर लावायची असेल तर अंतर्देशीय जहाज अधिनियम, 2021 खालची नोंदणीही बघावी लागेल.

होडीचे कागद नाहीत म्हणून घाबरू नका. तुमच्याकडूनच होडी घेतलेल्या माणसाला ‘ती तुमची कशावरून?’ असं आता विचारता येत नाही. पण वडिलांची वारस तुमची कोल्हापूरची बहीणही आहे. तिचं साध्या कागदावरचं संमतिपत्र जोडा, म्हणजे समोरून तो फाटा फुटायला नको.

ताबा मिळेल त्या दिवशी एकटे जाऊ नका. टेम्पोत चढवण्यापूर्वी चारही बाजूंनी, आतून आणि तळाखालून व्हिडिओ काढा, फळ्या आणि कड्या मोजून घ्या आणि पावतीवर ‘हक्क राखून ताबा घेतला’ असं लिहूनच सही करा. ‘काम समाधानकारक’ असं छापलेलं असेल तर ते खोडा. घरी आणल्यावर फायबर खरवडायचा मोह होईल. मुंबईहून मरीन सर्व्हेअर, म्हणजे होड्या-जहाजांची तपासणी करणारे तज्ज्ञ, येऊन पाहणी करेपर्यंत त्याला हात लावू नका. त्यांच्या अहवालात तीन गोष्टी यायला हव्यात : किती फळ्या खरोखर नव्या आहेत, थराखालच्या लाकडात किती ओल आहे, आणि थर काढून होडी मूळ स्थितीत आणायला किती खर्च येईल. भरपाईचा आकडा आपण त्या तिसऱ्या उत्तरावरून ठरवू.