कोकणातल्या परसबागेत डायटोमेशियस अर्थ पावडर खरंच चालते का?

गुहागरच्या परसात मांडवावर काकडी-पडवळ, तांबड्या भुंगेऱ्यांनी पानांची चाळण केलेली, वांग्यावर मावा, त्यात घरात लहान मूल. डीई (डायटोमेशियस अर्थ) पावडर मारू का, असं तुम्ही विचारलंय. मारा, पण पाऊस सरल्यावर.

ही पावडर म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळांच्या सिलिकेच्या कवचांचा भुगा. किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर ती खरवडते, शोषते आणि किडा सुकून मरतो. हे सगळं ती कोरडी असेपर्यंतच. ओली झाली की नुसता चिखल. जून ते सप्टेंबर तिच्यावर पैसे घालवू नका. तेव्हा भुंगेरे पहाटे सुस्त असतात, साबणाच्या पाण्यात झाडून पाडा.

घ्यायची ती 'फूड ग्रेड'च. तलावाच्या फिल्टरसाठी भाजलेल्या पावडरीत स्फटिकी सिलिका बरीच असते, ती फुफ्फुसाला घातक. फूड ग्रेड मारतानाही एन-९५ मास्क लावा, धुरळा बसेपर्यंत मुलाला घरात ठेवा.

खारा वारा सुटायच्या आत, सकाळीच काम उरका. पातळ सुती फडक्यात दोन चमचे पावडर घेऊन पुरचुंडी बांधा आणि पानाच्या खालच्या अंगाला हलके झटके द्या. दहिवराने पान जरा दमट असेल तर चांगली चिकटते, उन्हाने सुकली की कामाला लागते. एका वेलाला चमचाभर पुरे. पान पांढरंफटक दिसलं तर जास्त झाली समजा. फुलांवर मात्र कण जाता कामा नये. मधमाशीही तशीच मरते, मग काकडी धरणार कशी? दोन-तीन दिवस थांबा, लगेच किडे पडत नाहीत. पाणी पडलं तर पुन्हा मारा. भुंगेऱ्यांचं कवच टणक, त्यामुळे सगळे मरतील असंही नाही.

माव्यावर ही पावडर फारशी चालत नाही, कारण तो सोंड रुतवून जागच्या जागी बसलेला असतो. त्याला लिटरभर पाण्यात ५ मिली पातळ साबण फवारा. पावडर वापरा ती त्याची राखण करणाऱ्या मुंग्यांसाठी: खोडाभोवती कोरडं कडं.

कोणी गंधक सुचवेल. काकडीवर्गीय वेलांची पानं त्याने करपू शकतात, कडक उन्हात तर जास्तच.

उरलेली पावडर वाल-कुळथाच्या बियाण्याला लावा, किलोला १ ग्रॅम. बी आधी कडकडीत वाळवा. दाताखाली कट्टकन तुटलं पाहिजे, नाहीतर पावडर असूनही भुंगा लागेल.