टॅपिओका : पिळून काढलेला साका

प्रश्न असा आहे : "साबुदाण्याच्या पुडीवर 'टॅपिओका' असं छापलेलं असतं. हा शब्द पोर्तुगीज आहे का? आणि मराठीत त्याला काय म्हणावं?"

शब्द पोर्तुगीजांनी जगभर नेला, पण तो त्यांचा नाही. तो तुपी भाषेतला आहे. १५०० साली पोर्तुगीज गलबतं ब्राझीलला लागली तेव्हा त्या लांबलचक किनाऱ्यावर, उत्तरेला ॲमेझॉनच्या मुखापर्यंत, ठिकठिकाणी तुपी बोलणाऱ्यांची वस्ती होती. त्यांचा शब्द 'तिपिओका'. काजू आणि अननस ही नावंही त्याच भाषाकुळातून पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली. म्हणजे तुपी शब्द आपल्या तोंडात फार जुने आहेत, फक्त आपल्याला ते ओळखता येत नाहीत.

'तिपिओका'ची फोड दोन प्रकारे करतात. एक अशी : 'तिपी' म्हणजे गाळ आणि 'ओक' म्हणजे पिळून काढणं. दुसरी अशी : रस, आतला गाभा आणि काढणं, हे तीन शब्द जोडून. (या 'ओक'चा आपल्या 'ओकणे'शी काही संबंध नाही, उच्चार जुळला इतकंच.) कुठलीही फोड घेतली तरी मुद्दा एकच राहतो. हे झाडाचं नाव नाही आणि कंदाचंही नाही. हे एका कामातून निघालेलं नाव आहे, आणि ते काम डोळ्यांसमोर आणल्याशिवाय शब्द कळत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

वायव्य ब्राझीलमध्ये रिओ नेग्रो नदीच्या वरच्या खोऱ्यात बनिवा, तुकानो, देसाना, तुयुका, बारे अशा अनेक जमाती राहतात. त्यांचं मुख्य अन्न म्हणजे कडू कसावा. या कंदात असा घटक असतो की कंद ठेचला, किसला की त्यातून सायनाइड सुटतं. उकडून लगेच खावं असं हे अन्नच नव्हे. बायका जंगल साफ करून केलेल्या शेतातून टोपल्या भरभरून कंद आणतात, सोलतात, किसतात. बनिवांच्या किसण्या प्रसिद्ध आहेत : लाकडी फळीत गारगोटीच्या बारीक कपच्या ओळीने बसवलेल्या. आजूबाजूच्या जमाती या किसण्या त्यांच्याकडून घेत आल्या आहेत. कीस पाण्याने धुऊन मोठ्या चाळणीतून गाळतात. खाली भांड्यात दुधासारखं पाणी जमतं आणि थोड्या वेळाने त्याच्या तळाशी पांढराशुभ्र थर बसतो. तो थर म्हणजे तिपिओका.

उरलेला चोथा 'तिपिती'त भरतात. हा शब्दही तुपीच. तिपिती म्हणजे वेताच्या पट्ट्यांसारख्या पट्ट्यांची विणलेली लांब, लवचीक नळी. वरचं टोक तुळईला अडकवतात, खालच्या टोकाच्या कडीत दांडा घालून त्यावर बाई आपलं वजन टाकते. नळी ताणली गेली की आवळते आणि विषारी रस ठिबकतो. हा रसही फेकत नाहीत. तो भरपूर उकळला की विष उडून जातं आणि खाण्यापिण्याजोगा होतो. पिळलेल्या चोथ्याची रोटी रुंद तव्यावर भाजतात, ती 'बेइजू'. तिच्यासोबत मिरचीचा मासळीचा रस्सा, नाव 'किन्यापिरा' : 'किन्या' मिरची, 'पिरा' मासा. पिरान्हातला 'पिरा' तो हाच.

या खोऱ्यात कामाची वाटणीही बघण्यासारखी आहे. टोपल्या, चाळण्या, तिपिती विणायचं पुरुषांनी. शेत आणि कंद बायकांचे. तुकानो कुळातल्या लोकांत बापाची भाषा ती आपली भाषा, आणि आपलीच भाषा बोलणाऱ्याशी लग्न करायचं नाही, कारण ते भावाबहिणीचं नातं. त्यामुळे नवरी वेगळी भाषा घेऊन सासरी येते. लागवडीसाठी कसाव्याच्या काड्या तिला आईकडून, सासूकडून, जावा-नणंदांकडून मिळतात, आणि एकेका बाईच्या शेतात कितीतरी वाण एकत्र दिसतात. साऱ्या खोऱ्यात मिळून शंभरावर वाण आहेत. २०१० साली ब्राझीलने या शेतीपद्धतीची राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. मला ही नोंद फार मोलाची वाटते, कारण तिच्यात बियाणं, टोपली आणि स्वयंपाक यांची ताटातूट केलेली नाही.

एक खुलासा करायला हवा. तुकानो आणि बनिवा या भाषा तुपी नाहीत. तुकानोचं कूळ स्वतंत्र आहे, बनिवा अरावाक कुळातली. ('कसावा' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांचा, आणि त्यांची भाषाही अरावाकच.) तुपी शब्द या खोऱ्यात आले ते किनाऱ्यावरच्या तुपीपासून घडलेल्या आणि मिशनऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी नदीमार्गे पसरवलेल्या बोलीतून. तिचं नाव न्येंगातू, अर्थ 'चांगली बोली'. अठराव्या शतकाच्या मध्यात पोर्तुगीज सत्तेने तिला बंदी घातली, तरी ती टिकली. बारे लोकांची स्वतःची भाषा मागे पडली आणि हीच त्यांची भाषा झाली. साओ गाब्रिएल दा काशोएरा या तिथल्या नगरपालिकेने २००२ साली पोर्तुगीजच्या जोडीला न्येंगातू, तुकानो आणि बनिवा यांना अधिकृत भाषेचा दर्जा दिला.

कसाव्याला ब्राझीलमध्ये 'मांडिओका' म्हणतात. त्या नावाबद्दल एक कथा सांगतात. एका सरदाराच्या मुलीला मानी नावाचं गोरंपान मूल झालं, ते लहानपणीच वारलं, त्याला घरातच पुरलं आणि तिथून हे झाड उगवलं. म्हणून 'मानी-ओका', मानीचं घर. कथा सुंदर आहे, पण व्युत्पत्ती म्हणून धरू नये, ती मागाहून जुळवलेली दिसते. तुपीत 'ओका' म्हणजे घर हे खरं, पण 'तिपिओका'तला शेवट निराळा.

आता मराठीकडे. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून ठेवतो तेव्हा वर निवळ येते आणि खाली घट्ट चीक बसतो. माझी आई त्याला 'साका बसला' म्हणायची. तिपिओका म्हणजे नेमका हाच साका, फक्त गव्हाऐवजी कंदाचा. म्हणून कुणी अर्थ विचारला तर मी 'कसाव्याचा चीक' असं सांगेन. पुडीवर मात्र 'टॅपिओका' राहू द्यावा. तो रुळला आहे आणि त्याचा इतिहासही त्यात शाबूत आहे.

राहिला 'साबुदाणा'. यातला 'साबू' मलय भाषेतल्या 'सागू'वरून आला, आणि सागू हे ताडासारखं झाड, त्याच्या खोडातल्या गराचे दाणे करत. आपला साबुदाणा कसाव्याचा. १९४०च्या दशकात तमिळनाडूत सेलमच्या परिसरात त्याचे कारखाने उभे राहिले. कंद दळायचे, पांढरं पाणी हौदात निवळू द्यायचं, तळाचा साका काढून त्याचे दाणे करायचे, भाजायचे, उन्हात वाळवायचे. नाव मलय झाडाचं, काम तिपिओकाचं. तेव्हा कंदाला कसावा, त्याच्या चिकाला टॅपिओका आणि चिकाच्या दाण्यांना साबुदाणा म्हणावं.