जुना गिझर कुणाला देऊ नका

गोव्यातल्या मांद्र्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. थोडक्यात त्या लिहितात:

"डिसेंबर २०२२ मध्ये म्हापशाच्या दुकानातून २५ लिटरचा गिझर ९,२०० रुपयांना घेतला. टाकीला सात वर्षांची वॉरंटी, बाकी भागांना दोन. गेल्या नरकचतुर्दशीला पहाटे, पोरांची अभ्यंगस्नानं चालू असताना टाकी गळायला लागली. पाणी खालच्या खोलीच्या फॉल्स सिलिंगमध्ये उतरलं. ती खोली आम्ही सीझनला पर्यटकांना देतो. तिथे उतरलेलं जोडपं त्याच दिवशी निघून गेलं, आमचे सहा हजार बुडाले. कंपनीचा माणूस आला. बादलीत पेनासारखं मीटर बुडवून 'टीडीएस ६४०' म्हणाला आणि जॉबशीटवर 'हार्ड वॉटर, वॉरंटी लागू नाही' असं लिहून गेला. जुना दिला तर नव्यावर दीड हजार सूट देतो म्हणतात. यजमान शिपवर असतात. सासूबाई म्हणतात, ह्यापेक्षा आमचं आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं भाण बरं होतं. दुरुस्त करून घेऊ, नवा घेऊ, की केस घालू? वकिलाची फी गिझरपेक्षा जास्त व्हायची. वॉरंटी कार्डाचा आणि बिलाचा फोटो सोबत आहे."

ताई, पुढचं सगळं वाचायला सवड नसेल तर एवढंच करा: जुना गिझर कुणाला देऊ नका. कंपनीला नको, दुकानाला नको, भंगारवाल्याला तर नकोच. न्हाणीतून उतरवून मागच्या पडवीत ठेवा, वर प्लास्टिक टाका. आणि उघडूही नका. गावातल्या प्लंबरने एक स्क्रू फिरवला तरी 'अनधिकृत माणसाने उघडला' हे आणखी एक निमित्त त्यांना मिळेल. म्हणजे दुरुस्तीचा प्रश्न निकालात निघाला. तसंही गळकी टाकी वेल्डिंग करून चालवायच्या फंदात कुणी पडू नये, तिथे वीज आणि पाणी एकत्र असतात. दीड हजारांची सूट म्हणजे डाव आहे असं मी म्हणणार नाही, जुनं द्या नवं घ्या हे सगळीकडेच चालतं. पण गिझर गेला की मागे उरेल ते त्यांच्या माणसाच्या हातचं जॉबशीट, आणि त्यावर लिहिलंय 'हार्ड वॉटर'.

ते दोन शब्द कशाच्या आधारावर लिहिले, ते आता बघू. त्या पेनाने पाण्याचा जडपणा मोजताच येत नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते ते पेन बघतं आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजे टीडीएसचा, अंदाज सांगतं. पाणी जड होतं ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. बादलीत चमचाभर जेवणातलं मीठ टाकलंत तरी पेनावरचा आकडा चढेल, पण त्या मिठाचा पांढरा थर कॉइलवर धरत नाही. उलट घरात सॉफ्टनर बसवलात तर तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो. पाणी मऊ होतं आणि पेनावरचा आकडा जवळजवळ तिथेच राहतो. ज्या यंत्राला मऊ आणि जड पाण्यातला फरकच कळत नाही, त्याच्या भरवशावर तुमची वॉरंटी नाकारली गेली आहे. जडपणा प्रयोगशाळेत तपासतात आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरमागे मिलिग्रॅममध्ये सांगतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. टीडीएसची ५०० आणि २,०००. तिथे ह्या दोन वेगळ्या ओळी आहेत. जॉबशीटवर एका ओळीचा आकडा लिहून दुसऱ्या ओळीचा निष्कर्ष काढला आहे.

आता कार्ड. त्यात 'अतिजड पाण्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही' एवढंच आहे. अतिजड म्हणजे किती, हा आकडा कुठेच नाही. ही संदिग्धता तुमच्या फायद्याची आहे, कारण करारातली अट दोन्ही बाजूंनी वाचता येत असेल तर ती लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचायची, हा जुना नियम आहे. शिवाय कार्ड खोक्याच्या आत होतं, पैसे दिल्यानंतर हातात आलं. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मॉडर्न इन्सुलेटर्सच्या खटल्यात म्हटलं की ग्राहकाला जी अपवादाची कलमं कळवलीच नव्हती, त्यांचा आधार विमा कंपनीला घेता येणार नाही. तो विम्याचा खटला, गिझरचा नव्हे, आणि विम्यात परस्पर विश्वासाला जास्त वजन असतं. त्यामुळे तो निकाल आपल्याला आधार म्हणून द्यायचा, हुकमाचा एक्का म्हणून नाही.

टाकी फुटायची कारणंही मला वाटतं त्या माणसाने पाहिली नाहीत. क्षाराचा थर धरतो तो मुख्यतः तापणाऱ्या कॉइलवर. कॉइलची उष्णता पाण्याला पोचत नाही, ती स्वतःच तापून जळते. तुमची कॉइल शेवटच्या दिवसापर्यंत चालू होती. पाणी गरम येत होतं, ते जमिनीवर सांडत होतं एवढंच. टाकीला भोक पडतं ते बहुधा गंजामुळे. तो धरू नये म्हणून आत काचेसारखा लेप असतो आणि मॅग्नेशियमची एक कांडी असते, अॅनोड म्हणतात तिला; ती स्वतः झिजते आणि टाकीला वाचवते. लेपात कारखान्यातच खोट राहिली असेल तर दोष सरळ कंपनीचा. कांडी संपून गेली असेल तर प्रश्न येतो की ती दरवर्षी तपासायची हे तुम्हाला कोणी, कधी, कुठल्या भाषेत सांगितलं. आणि पाणीच खारट असेल तर क्लोराइडने गंज लवकर धरतो, हे कंपनी म्हणू शकेल. मात्र त्याला जड पाणी म्हणत नाहीत, आणि कार्डात खाऱ्या पाण्याचा शब्द नाही. ह्या तिन्हींतलं खरं काय, ते टाकी उघडल्यावर दिसेल. म्हणून ती पडवीत हवी.

तुमच्याकडे नळाला चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी येतं, कमी पडलं की बोअर, आणि एप्रिल-मेमध्ये टँकर, असं तुम्ही लिहिलंय. चिऱ्याच्या जमिनीतलं विहिरीचं पाणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मऊच निघतं. समुद्रालगतच्या बोअरचं मात्र सांगता येत नाही, पावसानंतर गोडं आणि वैशाखात मचूळ. तेव्हा पाणी तपासून घ्या, पण स्वतः बाटली भरून नेऊ नका. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेच्या माणसाला बोलवा, गिझरच्या जागी येणाऱ्या पाइपातून आणि बोअरमधून वेगवेगळे नमुने घ्यायला सांगा, आणि कंपनीला चार दिवस आधी ईमेलने कळवा की अमुक वेळी नमुना घेतोय, यायचं तर या. जडपणा, क्लोराइड, पीएच, टीडीएस एवढं पुरे. अहवाल तुमच्या विरुद्धही जाऊ शकतो, हे धरून चाला. बोअरचा जडपणा ७०० निघाला तर मी तुम्हाला केस घालू नका असंच सांगेन.

आता तुमच्या बाजूच्या फटी. पहिली म्हणजे खालची खोली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने वस्तू घेणारा 'ग्राहक' ठरत नाही. कंपनीचा वकील पहिल्याच उत्तरात म्हणेल, ह्या बाईंचं गेस्ट हाऊस आहे. पण फुटलेला गिझर वरच्या, घरच्यांच्या न्हाणीतला. लीलावती ट्रस्टच्या खटल्यात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने वस्तू किंवा सेवा घेण्यामागचा मुख्य हेतू काय होता ते बघावं असं सांगितलं आहे, आणि तुमचा हेतू पोरांच्या आंघोळीचा होता. खोली भाड्याने देतो हे लपवू नका, तक्रारीत दोन ओळींत लिहून टाका. आणि त्या जोडप्याचे बुडालेले सहा हजार मागू नका. मागितलेत की तुम्हीच कागदावर धंद्याचं नुकसान मांडलंत, आणि नऊ हजारांच्या हक्काच्या दाव्याला सहा हजारांसाठी सुरुंग लावलात. सिलिंगच्या दुरुस्तीचे पैसे मागा, सुताराचं बिल जोडून. तेही सेवेतली त्रुटी आणि सदोष वस्तू ह्या सदरात. कायद्यातल्या उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या हानीच्या भरपाईच्या, प्रकरणात जाऊ नका, कारण तिथल्या 'हानी'च्या व्याख्येतून वॉरंटीभंगामुळे झालेलं मालमत्तेचं नुकसान वगळलेलं आहे. (खोलीची पर्यटन खात्यात गोव्याच्या १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंद आहे ना? नसेल तर करून घ्या, तो ह्या गिझरइतकाच गळका विषय आहे.)

दुसरी फट बिलाची. तुमचं बिल थर्मल कागदावरचं आहे, फोटोत तारीख जेमतेम वाचता येते. दुकानात जाऊन दुय्यम प्रत मागा, जीएसटीसाठी त्यांच्याकडे नोंद असतेच. यूपीआयने पैसे दिले असतील तर बँकेचं स्टेटमेंट काढा. कार्डावर दुकानाचा शिक्का नाही म्हणून घाबरू नका, गिझरच्या पट्टीवरचा अनुक्रमांक आणि बिल जुळलं की पुरे.

फीचं उत्तर सोपं आहे. पाच लाखांपर्यंतच्या किमतीच्या वस्तूसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही, आणि वकील हवाच असा नियम नाही. तुम्ही राहता तो उत्तर गोवा जिल्हा, तक्रार तिथेच घालता येते, कंपनी कुठल्याही राज्यातली असो. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही होते. मुदत दोन वर्षांची, नकाराच्या जॉबशीटची तारीख धरून चाला. पण लगेच तक्रारीवर उडी नको. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल आणि स्पीड पोस्टने पत्र लिहा: जडपणा कोणत्या पद्धतीने मोजला, मर्यादेचा आकडा किती, कार्डात तो कुठे आहे, आणि पंधरा दिवसांत माझ्यासमोर टाकी उघडून संयुक्त तपासणी करा. सोबत १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. माझ्या अनुभवात पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात, कारण ह्या तीन प्रश्नांना उत्तर लिहिण्यापेक्षा टाकी बदलून देणं कंपनीला स्वस्त पडतं.

नाहीच मिटलं तर तक्रारीत टाकीचा दोष, सात वर्षांची हमी आणि तीन वर्षं भरण्याआधीची गळती मांडा. तेवढ्यावर तुमचं म्हणणं प्रथमदर्शनी उभं राहतं. पाणी अतिजड होतं हे दाखवायचं ओझं मग अपवादाचा आधार घेणाऱ्यावर. वाद उरलाच तर त्याच २०१९ च्या कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्याचा खर्च सुरुवातीला तुम्हाला भरावा लागतो. 'कार्डातली अट अन्याय्य म्हणून रद्द करा' असं मागू नका. तो अधिकार जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे आहे. अट आम्हाला लागू होत नाही, एवढंच म्हणा. कायद्यात तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाचांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात जास्त धरा. मिळेल ते टाकी किंवा किंमत, सिलिंगचा खर्च आणि त्रासापोटी थोडी रक्कम. लाखांची स्वप्नं दाखवणारा वकील भेटला तर चहा पिऊन परत या.

तोपर्यंत थंड पाण्याने आंघोळ करायची गरज नाही. नवा गिझर घ्या, जुना न देता, पूर्ण किमतीत, दुसऱ्या कंपनीचा घेतलात तरी दाव्याला बाध येत नाही. घेताना दुकानदाराला पाण्याचा अहवाल दाखवा आणि बिलावरच लिहून घ्या की ह्या पाण्याला वॉरंटी चालेल. अॅनोडची कांडी दरवर्षी कंपनीच्याच माणसाकडून बघून घ्या आणि त्याची पावती फाइलला लावा. सासूबाईंना सांगा, भाणालाही आतून क्षार धरायचाच, फक्त त्या तो चिंच लावून घासत असत आणि वॉरंटी कुणी विचारत नसे.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. पर्यटकांच्या शॉवरसाठी वरच्या टाकीला प्रेशर पंप बसवला आहे का, आणि असेल तर गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवर होता का? टाकी दाबाने फुटली असं कंपनी म्हणू शकेल, आणि पत्रात पाण्याबद्दल किती ठामपणे लिहायचं ते ह्या उत्तरावर ठरेल. पत्र टाकण्याआधी कळवा.