वकिलाची फी आणि अशिलाचे हित : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातील शेतकरी आहोत. वडील 2011 साली वारले. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपासाठी मी थोरल्या भावाविरुद्ध दावा लावला असून तो अजून चालू आहे. वकीलसाहेब प्रत्येक तारखेचे पैसे घेतात आणि बहुतेक वेळा नुसती पुढची तारीख पडते. मध्यंतरी ते म्हणाले, की लग्न झालेल्या बहिणीलाही दाव्यात सामील करावे लागेल आणि तिला आमच्याइतकाच हिस्सा मिळेल. मला शंका येते, की ते समोरच्यांना मिळालेले आहेत. नाशिकचे दुसरे एक वकील म्हणतात, की बहिणीला बाहेर ठेवूनच दावा जिंकून देतो, मात्र फी दुप्पट लागेल. आमच्याच गावातल्या एका विधवा बाईंचे काम एका वकिलांनी एक पैसाही न घेता केले. वकील पैशासाठी काम करतात की अशिलाच्या काळजीपोटी, हे आमच्यासारख्याने कसे ओळखावे? आणि फसवणूक झाली तर ग्राहक मंचाकडे जाता येते का?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट बहिणीच्या हिश्श्याची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून अमलात आली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी तो निर्विवाद केला. बहिणीचे लग्न झाले आहे, यामुळे त्यात काही फरक पडत नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप झालेले असते, तर गोष्ट वेगळी होती. आपल्याकडे तसे काही झालेले दिसत नाही. शिवाय वाटपाच्या दाव्यात प्रत्येक हिस्सेदार हा आवश्यक पक्षकार असतो आणि त्यातील एकाला वगळून दावा चालवला, तर तो त्याच एका कारणावरून फेटाळला जाऊ शकतो. म्हणजे आपले सध्याचे वकील आपल्याला न आवडणारी परंतु खरी गोष्ट सांगत आहेत, आणि दुसरे वकील आपल्याला आवडणारी गोष्ट दुप्पट किमतीला विकत आहेत. पहिल्या वकिलांनी ही बाब दावा दाखल करण्यापूर्वीच वारसांची चौकशी करून सांगायला हवी होती, हा आक्षेप मात्र रास्त आहे आणि तो आपण त्यांच्यासमोर स्पष्टपणे मांडावा.

अशिलाची काळजी गोड बोलण्यात दिसेल, अशी अपेक्षा बहुतेक लोक धरतात आणि तिथेच फसतात. नाशिकच्या न्यायालयात, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकासमोरच्या त्या जुन्या आवारात, मी एका ज्येष्ठ वकिलांची पद्धत अनेकदा पाहिली आहे. जमिनीचे काम घेऊन कोणी आले, की ते वकीलपत्राचा कागद काढतच नसत. आधी सातबारा, मग जुने फेरफार एकाखाली एक मांडून प्रत्येक नोंदीतले नाव बोटाने वाचत आणि विचारत, "ही कोण? आत्या? हयात आहे का? तिची मुले कुठे असतात?" उत्तर नीट आले नाही, तर पक्षकाराला तलाठ्याकडे परत पाठवत आणि त्या दिवशी फी घेत नसत. नंतर घेत ती फी मात्र चांगली भक्कम असे, आणि ती मागताना त्यांना कधी संकोच वाटला नाही. पैसा आणि काळजी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, यावर माझा जो विश्वास आहे तो अशा माणसांना जवळून पाहून बसला आहे.

वकिलाला कार्यालयाचे भाडे, कारकुनाचा पगार, पुस्तके आणि घर हे सारे फीमधूनच चालवायचे असते. म्हणून फीची अपेक्षा हा दोष नव्हे. प्रश्न तेव्हा उभा राहतो, जेव्हा अशिलाचे हित एका बाजूला आणि वकिलाची मिळकत दुसऱ्या बाजूला ओढू लागते. आणि ही ओढ किती असेल, हे बरेचसे फी कशी ठरली आहे यावर अवलंबून असते. आपण द्राक्षबागायतदार असाल तर छाटणीचे काम रोजावर दिले की लांबते आणि उक्ते दिले की घाईत उरकले जाते, हे आपल्याला सांगायला नको. तारखेवर फी ठरली, की दावा लांबण्यात वकिलाचे नुकसान नसते. एकरकमी फी ठरून ती आधीच दिली गेली, की पुढच्या कामात लक्ष कमी होण्याची भीती असते. त्यामुळे कामाच्या टप्प्यांप्रमाणे फी ठरवणे मला सर्वांत न्याय्य वाटते : दावा दाखल करताना काही भाग, न्यायालयाने वादाचे मुद्दे ठरवल्यावर काही, साक्षीपुराव्याच्या वेळी काही आणि अंतिम युक्तिवादाच्या वेळी उरलेली. हे एका कागदावर लिहून घ्यावे आणि प्रत्येक रकमेची पावती मागावी. अशिलाकडून आलेल्या पैशांचा हिशेब ठेवणे आणि मागितल्यास त्याची प्रत देणे, हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरील नियामक संस्थेच्या, नियमांनी वकिलावर बंधनकारक केले आहे, तेव्हा पावती मागण्यात त्यांचा अपमान होतो असे समजू नये.

तारखा का पडतात, याचा शोध मात्र आपण स्वतः घ्यायला हवा. कधी न्यायाधीश रजेवर असतात, कधी बोर्डावर इतकी कामे असतात की पुकारा होईपर्यंत दिवस संपतो, कधी समोरची बाजू कैफियत म्हणजे लेखी उत्तर देण्यास मुदत मागते, आणि कधी खरोखर आपलेच वकील मुदतीचा अर्ज देतात. हे सारे रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या तारीखवार नोंदीत, लिहिलेले असते आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दाव्याचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून घरबसल्या पाहता येते. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षकाराला तीनपेक्षा अधिक वेळा मुदत देऊ नये, अशी दिवाणी प्रक्रिया संहितेची तरतूद आहे. ती नेहमी पाळली जात नाही, हे खरे असले तरी मुदत कोणी मागितली, एवढे कळले तरी आपल्या शंकेचे निम्मे उत्तर मिळेल. रोजनाम्यात वारंवार आपल्याच वकिलांचे अर्ज दिसत असतील, तर कारण विचारा. सगळे अर्ज भावाच्या वकिलांचे असतील, तर आपल्या वकिलांवरचा राग चुकीच्या माणसावर आहे.

आणखी एक गोष्ट आपले वकील आपल्याला सांगतात का, ते पाहा. शेतसाऱ्याच्या जमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा झाला, तरी प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते आणि त्यात पुन्हा वेळ जातो. लोकअदालतीत तडजोड झाली, तर न्यायालयीन शुल्क परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील होत नाही. तिघा भावंडांचा वाद असताना तडजोडीचा विषय वकील स्वतःहून काढत असतील, आणि त्यामुळे त्यांच्या पुढच्या तारखांची फी बुडत असेल, तर त्यांच्या काळजीचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

गावातील बाईंचे काम फुकट करणारे वकील निःसंशय आदरास पात्र आहेत. फक्त एवढे लक्षात ठेवा, की स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 अन्वये मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यामुळे तेथे वकिलांना शासनाकडून मानधन मिळाले असण्याचीही शक्यता आहे. तसे असले तरी त्यांच्या कामाचे मोल कमी होत नाही.

ग्राहक आयोगाविषयी (ग्राहक मंचाचे आताचे नाव) : 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वकिलाविरुद्ध सेवेतील त्रुटीची तक्रार ग्राहक संरक्षण कायद्याखाली चालणार नाही. गैरवर्तणुकीची तक्रार ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 च्या कलम 35 अन्वये महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते. ताकीद देण्यापासून सनद (वकिलीचा परवाना) काढून घेण्यापर्यंतची शिक्षा तेथे होऊ शकते. वकील बदलायचा असेल तर फीचा वाद आहे म्हणून आपली कागदपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट केले आहे. थकलेल्या फीसाठी त्यांनी स्वतंत्र दावा करावा. परंतु आपल्या प्रकरणात मी वकील बदलण्याचा सल्ला देणार नाही. बहिणीला सामील करण्याचा अर्ज लवकर द्या आणि फीची पद्धत बदलून घ्या.

प्रश्न : समृद्धी महामार्गात सिन्नर तालुक्यातील आमची जमीन गेली. वाढीव मोबदल्याच्या कामासाठी एक वकील आत्ता काही घेणार नाहीत, पण मिळणाऱ्या रकमेच्या पंधरा टक्के स्टँपपेपरवर लिहून आणि कोरे धनादेश सही करून मागतात. आमच्याजवळ आज पैसे नाहीत, त्यामुळे हा माणूस देवासारखा वाटतो. सही करावी का?

उत्तर : करू नये. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे, याला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई केली आहे. तेलंगणातील एका महिलेला पतीच्या अपघाती मृत्यूबद्दल नुकसानभरपाई मिळाली आणि तिच्या वकिलांनी टक्केवारीच्या हिशेबाने फीचा धनादेश घेतला. तो वटला नाही म्हणून त्यांनी तिच्यावर फौजदारी तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये ती तक्रार रद्द केली आणि टक्केवारीची फी ही व्यावसायिक गैरवर्तणूक असल्याचे सांगितले. या नियमामागचे कारण साधे आहे. वकिलाचा निकालातच वाटा असला, की तो न्यायालयाचा अधिकारी न राहता दाव्याचा भागीदार होतो. मग लवकर हाती येणारी थोडी रक्कम त्याला परवडते, अशिलाला ती परवडो वा न परवडो, आणि काही वेळा खोटा पुरावा उभा करण्याचा मोहही त्याला आवरत नाही.

आपली अडचण मी हलकी लेखत नाही. टक्केवारी नको म्हटले तर हातात पैसा नसलेल्याने वकील आणायचा कोठून, हा प्रश्न खरा आहे आणि नियम करणाऱ्यांनी त्याचे उत्तर पुरतेपणी दिलेले नाही. तूर्त मार्ग असा, की ठरावीक रक्कम निश्चित करून तिचे हप्ते मागून घ्यावेत. रक्कम ठरलेली असावी आणि ती निकालाशी बांधलेली नसावी. अनेक वकील याला तयार होतात. कुटुंबातील खातेदार स्त्री असेल, किंवा आपण अनुसूचित जाती-जमातीचे असाल, तर उत्पन्नाची अट न लागता मोफत विधी सहाय्य मिळते. कोरा धनादेश कोणालाही देऊ नका, आणि न्यायालयात जमा झालेली रक्कम काढण्याच्या अर्जावर सही करताना त्यावरील खाते क्रमांक आपलाच आहे ना, ते स्वतः वाचून पाहा.

प्रश्न : मी नाशिकरोडची एक आई आहे. माझी मुलगी सनद घेऊन एका ज्येष्ठ वकिलांकडे काम करते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबते, पण जाण्यायेण्याच्या खर्चापलीकडे तिला काही मिळत नाही. तिला गरिबांची कामे करायची आहेत. नातेवाईक म्हणतात, की पैसा कमवायचा नसेल तर वकिली कशाला केली? ती चुकते आहे का?

उत्तर : तिची इच्छा अगदी योग्य आहे, चुकते ती तिला राबवून घेणारी पद्धत. उमेदवारीच्या काळात ज्या तरुणांच्या हाती काही पडत नाही, त्यांच्यापैकी ज्यांच्या घरी शेती किंवा वडिलांचे कार्यालय आहे तेवढेच या व्यवसायात टिकतात. बाकीचे एकतर सोडून जातात किंवा दारात आलेल्या प्रत्येक अशिलाकडे थकलेल्या घरभाड्याच्या नजरेने पाहायला शिकतात. पहिल्या प्रश्नातील शेतकऱ्याला जी भीती वाटते, तिचे मूळ पुष्कळदा येथे असते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढून कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती सक्तीची नाही, तरी तिचा आधार घेऊन मुलीने आपल्या ज्येष्ठांशी मोकळेपणाने बोलावे. ज्यांची स्वतःची फी भक्कम आहे, त्यांनी कनिष्ठाला रिकाम्या हाताने घरी पाठवणे मला अक्षम्य वाटते.

गरिबांचे काम उपाशी राहूनच करावे लागते, असेही नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आपल्या पॅनेलवर वकिलांची नेमणूक करते आणि प्रत्येक प्रकरणामागे मानधन देते. ते खासगी फीपेक्षा बरेच कमी असते, परंतु काम भरपूर असते आणि उलटतपास घेण्याची संधी तरुण वकिलाला तेथे लवकर मिळते. फौजदारी खटल्यांसाठी 2022 पासून देशातील अनेक जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालये, म्हणजे गरजू आरोपींना मोफत वकील देणारी कार्यालये, सुरू झाली आहेत. तेथे वकिलाला दरमहा ठरावीक मानधन असते आणि आरोपीकडून एक रुपयाही घेता येत नाही. मला ही रचना फार मोलाची वाटते, कारण तारीख लांबली काय किंवा खटला लवकर संपला काय, वकिलाच्या मिळकतीत फरक पडत नाही. तेथील कनिष्ठ पदांसाठी नव्या वकिलांनाही अर्ज करता येतो. जाहिरात कधी निघते, याची चौकशी तिने नाशिक जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात करावी. आणि एखादा गरजू पक्षकार भेटला, तर त्याला 15100 हा मोफत विधी सहाय्याचा दूरध्वनी क्रमांक द्यावा.